बदलीबाईंच्या जागी

स्टुडिओत त्यांना सगळे बदलीबाई म्हणत आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. कामच तसं होतं. टीव्हीवर जो माणूस खुर्चीत दिसतो, तो येण्याआधी त्या खुर्चीत कुणीतरी बसावं लागतं. रिकाम्या खुर्चीवर दिवे लावता येत नाहीत. कपाळ चमकतं का, चष्म्यात दिवा दिसतो का, हनुवटीखाली सावली धरते का, हे बघायला हाडामांसाचं माणूसच लागतं. ते माणूस म्हणजे बदलीबाई. दुसऱ्याच्या तोंडावर पडायचा उजेड आधी आपल्या तोंडावर घ्यायचा आणि मूळ मालक आला की मुकाट उठायचं. नवरा गेल्यावर एवढ्यावर त्यांनी संसार ओढला, मुलाला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. बसून खाल्लं तर कुबेराचं धनही सरतं म्हणतात. बाईंनी जन्मभर बसूनच खाल्लं आणि काही सरलं नाही.

बसणं ही काय विद्या आहे, असं ज्याला वाटत असेल त्यानं एकदा त्या दिव्यांखाली बसून बघावं. बाई येणाऱ्या पाहुण्यांकडे दाराच्या फटीतून एक नजर टाकत आणि मग बसत. जाडजूड मामा असतील तर कोपरं बाहेर काढून. सगळ्यांत मागे चालणारी थोरली जाऊ असेल तर खुर्चीच्या अर्ध्याच भागावर, कुणीही उठवेल अशा बेतानं. दिवेवाले दादा म्हणायचे, “बाई, तुमच्यावर दिवा बसवला की मूळ माणसावर परत हलवावा लागत नाही.” बाईंना ही शाबासकी वाटे, आणि ती होतीच. फक्त कधी कधी घरी आल्यावर त्या पलंगाच्या कडेला टेकायच्या आणि आपण स्वतः कशा बसतो हेच त्यांना आठवायचं नाही. मग थोडा वेळ उभ्याच राहायच्या. ही गोष्ट त्या कुणाला सांगत नसत. सांगण्यासारखं त्यात आहे काय?

त्या वर्षी स्टुडिओत कुटुंबांचा खेळ आला. चार माणसं, तीन पिढ्या, एका घरातली. एकाला काचेच्या खोलीत बसवायचं आणि बाकीच्या तिघांना बाहेर त्याच्याबद्दल विचारायचं. मग आतल्यालाही तेच प्रश्न. उत्तरं जुळली तर जिंकलात. बक्षीस म्हणजे अख्खं घर, पडदे-पलंगांसकट. निवडीला माणसं अशी लोटली की बोळात पाय ठेवायला जागा राहिली नाही. बाई चहाचा कप घेऊन त्या गर्दीतून जात आणि कानावर पडेल ते ऐकत.

“बाबांचा आवडता रंग?”

“निळा.”

“अगं, काल करडा ठरला होता ना?”

बाबा शेजारीच उभे असायचे. त्यांना कुणी विचारत नसे. तेही बिचारे करडा, करडा असं मनाशी घोकत असायचे.

बाईंना याचं हसू यायचं. दुसऱ्याच्या घरची गंमत बघताना आपण किनाऱ्यावर उभे आहोत असं माणसाला नेहमीच वाटतं.

बाईंच्या घरी दोन खोल्या आणि चार माणसं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, सून दातांच्या दवाखान्यात रोग्यांचे नंबर लावायची, आणि नात शाळेत जायची. सुनेनं खेळाला नाव दिलं तेव्हा ती हरखून गेली होती. “आई, तुम्हाला स्वतःची खोली मिळेल,” ती म्हणाली. मनापासून म्हणाली, मुलगी वाईट नव्हती. दुसऱ्या दिवशी नियम कळला. स्टुडिओत काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना खेळता येणार नाही. नोकरी सोडली तरी पुढचं एक वर्ष नाही.

मुलगा म्हणाला, “जाऊ दे, सोडून देऊ.” तो लहानपणापासून असाच. काही मागायचं नाही, हट्ट करायचा नाही. बाईंना त्याचा तो समजूतदारपणा आतून टोचायचा. का टोचायचा, ते पुढे येईलच.

सून मात्र सोडणारी नव्हती. “स्टुडिओत आपल्या घरच्यांना कोण ओळखतं?” तिनं विचारलं. कुणीच नाही, हे खरं होतं. खुर्चीला तिच्या घरचं कोण विचारतं? सून हळूच म्हणाली, “मग तिथं आईंच्या जागी दुसरं कुणी बसलं तर?”

इथं बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. कुठलीही शहाणी बाई नाही म्हणाली असती. पण दुसऱ्याच्या जागी बसण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्यापुढे हा प्रश्न आला आणि त्यांच्यातला कसबी कारागीर जागा झाला. त्या म्हणाल्या, “कुणीही नाही चालायचं. मी शोधते. मला त्यातलं कळतं.”

आणि त्यांनी खालच्या मजल्यावरच्या काजंवाल्या बाईंना आणलं.

काजंवाल्या बाई एकट्या राहायच्या. शिंप्यांच्या दुकानांतले कपडे घरी आणून काजं-बटणं करून द्यायच्या. वय बाईंएवढं, अंगलट तशीच, आवाज बेताचा. त्यांचं मागचं-पुढचं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि इतकी वर्षं जिन्यात भेटूनही कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी काय मिळेल हे विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, “मला जमेल. माझ्याजवळ जागा आहे.” म्हणजे काय, ते बाईंना तेव्हा कळलं नाही.

शिकवणी दुपारी चाले. खिडकीपाशी काजंवाल्या बाई शर्ट मांडीवर घेऊन बसायच्या आणि बदलीबाई समोर बसून आपला जन्म सांगायच्या. माहेर, आईचा मार, नवऱ्याचं दुखणं, कुठली भाजी नको वाटते, कशाची भीती वाटते. काजंवाल्या बाई काही लिहून घेत नसत. प्रत्येक गोष्टीला एक टाका घालत, दोरा ओढत आणि म्हणत, “हं. पुढे.” शर्टाच्या कापडाला चीर पाडायची आणि तिच्या कडा अशा बांधून घ्यायच्या की ती मुळातच तिथं होती असं वाटावं, हे त्यांचं काम. हात फार सफाईदार होता.

काही दिवसांनी त्या बाईंनाच दुरुस्त करू लागल्या. “नवरा गेला त्या दिवशी तुम्ही रडला नव्हतात. काल रडले म्हणालात.”

बाईंनी आठवून पाहिलं. खरंच रडल्या नव्हत्या. पण आदल्या दिवशी काय सांगितलं होतं, ते काही केल्या आठवेना.

एका दुपारी काजंवाल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “मुलगा झाला, तेव्हा तुम्हाला मुलगी हवी होती.”

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“तुम्हीच सांगितलं असेल,” काजंवाल्या बाई म्हणाल्या. “दुसरं कोण सांगणार?” आणि दातांनी दोरा तोडला.

सुट्टीच्या दिवशी सुनेनं घरातच चाचणी घ्यायची ठरवलं. दोघी बाया आतल्या खोलीत, तिघं बाहेरच्या. नात झाली निवेदिका. पहिला प्रश्न, आजीला चहा कसा आवडतो? बाहेरून तिघं एका आवाजात म्हणाली, “गार!” नातीनं आत येऊन दोघींना विचारलं. काजंवाल्या बाई म्हणाल्या, “गार.” बदलीबाई म्हणाल्या, “कडक. वाफाळता.”

नात टाळ्या पिटत हसली. “आजी, तू नापास!”

बाईंना मुळीच गार चहा आवडत नव्हता. सगळ्यांचं झाल्यावर त्यांच्या वाट्याला येईपर्यंत तो गार व्हायचा आणि त्या काही न बोलता प्यायच्या. घरच्यांनी ते बघितलं आणि आवड म्हणून लिहून टाकलं. त्यांचं तरी काय चुकलं? असे एकामागून एक प्रश्न झाले. घरच्यांच्या मनात जी आई होती तिच्याशी काजंवाल्या बाईंची उत्तरं शेवटपर्यंत जुळत गेली आणि खरी आई स्वतःच्याच परीक्षेत सपशेल आपटली. सगळी पोट धरून हसली. बाईही हसल्या. रात्री अंथरुणावर त्यांना ते हसू आठवलं आणि ते आपल्याच तोंडून आलं होतं का, याची खात्री वाटेना.

मग सुनेनं नियम केला. निवड होईपर्यंत घरात काजंवाल्या बाईंनाच आई म्हणायचं, म्हणजे जीभ वळते. बदलीबाईंना बाई म्हणायचं, म्हणजे स्टुडिओत चुकून काही निघायचं नाही. बाईंनी मान डोलावली. काम चोख व्हावं, हा त्यांचा स्वभावच होता. काजंवाल्या बाई आधी दुपारच्या यायच्या, मग सकाळपासून येऊ लागल्या. सराव म्हणून खिडकीजवळची बाईंची जागा त्यांना मिळाली. त्या तिथं अगदी बाईंसारख्या बसायच्या. बाई उंबऱ्यातून बघत राहायच्या. अस्सं, मी अशी बसते होय, असं त्यांना वाटायचं आणि बरंच वाटायचं. निदान कुठेतरी ते दिसत तरी होतं.

एका सकाळी दारातून मुलानं हाक मारली, “आई, येतो गं.” बाई ओल्या हातांनी मोरीतून बाहेर आल्या. “ये,” खिडकीजवळून काजंवाल्या बाई म्हणाल्या. मुलगा त्यांच्याकडेच बघत होता. बाईंकडे वळून तो म्हणाला, “बाई, जरा दार लावून घेता?”

“सराव हो,” सून म्हणाली. बाईंनी दार लावून घेतलं.

आता ती राहिलेली गोष्ट. सगळं सांगितलं तरी एक गोष्ट बाईंनी शिकवणीत सांगितली नव्हती. नवरा गेल्यावर काही महिन्यांनी, मुलगा पाच वर्षांचा असताना, एका दुपारी त्यांनी त्याला थोपटून निजवलं, पिशवीत दोन कपडे भरले, दाराला बाहेरून कडी घातली आणि समोर आली त्या बसमध्ये बसल्या. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. फक्त परत यायचं नव्हतं. बस शेवटच्या थांब्याला लागली, सगळे उतरले, आणि त्या तशाच बसून राहिल्या. संध्याकाळी तीच बस परत निघाली आणि त्यांना घेऊन आली. कडी काढली तेव्हा मुलगा ठेवला होता तसाच पडून होता, भिंतीकडे तोंड करून. त्याला काही कळलं नाही म्हणून त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्या श्वासाची लाज त्यांना पुढं जन्मभर पुरली. त्याच्या लग्नात ते ओठांवर आलं होतं. नात झाली तेव्हाही आलं होतं. एकदा त्याला सांगायचं आणि तो काय म्हणतो ते ऐकायचं, याशिवाय दुसरी कुठलीही इच्छा त्यांना आता उरली नव्हती. घर मिळालं की आपल्या खोलीत त्याला बोलवायचं, दार लोटायचं आणि सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. खरं सांगायचं तर खेळाला त्या तयार झाल्या त्या यासाठीच. दोन खोल्यांच्या घरात अशी गोष्ट बोलायला कोपराच नव्हता.

निवडीच्या आदल्या दिवशी काजंवाल्या बाई शर्टाची घडी घालताना म्हणाल्या, “अजून एक राहिलंय ना?”

“नाही,” बदलीबाई म्हणाल्या.

“बरं,” काजंवाल्या बाई म्हणाल्या आणि शांतपणे हसल्या.

निवडीच्या दिवशी बाई नेहमीप्रमाणे कामावर गेल्या. घरची चौघं आली. बाईंनी त्यांच्याकडे परक्यासारखं पाहिलं, त्यांनीही बाईंकडे पाहिलं. दिवेवाल्या दादांनी हाक मारली, “बाई, आजीच्या जागी बसा.” त्या काचेच्या खोलीत जाऊन बसल्या. कसं बसायचं म्हणून सवयीनं दाराच्या फटीकडे नजर गेली. तिथं काजंवाल्या बाई उभ्या होत्या. बाई त्यांच्यासारख्या बसल्या. दिवे लागले, सरकले, ठरले. “झालं,” दादा म्हणाले, आणि बाई उठल्या.

त्या दिव्याच्या खांबामागे उभ्या राहिल्या. तिथून काचेतला चेहरा दिसत होता आणि बाहेरची तिघंही दिसत होती. उत्तरं जुळत गेली. गार चहा जुळला. निवड करणाऱ्या मॅडम खूश झाल्या. त्यांना नुसती उत्तरं नको होती. पडद्यावर डोळे ओले होतील असं काहीतरी हवं होतं, म्हणून शेवटचा प्रश्न त्या नेहमी तोच विचारत. आजीनं आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट कोणती?

बाईंनी खांब घट्ट धरला. याचं उत्तर कुणी देऊ शकणार नाही याचा त्यांना धीर होता, आणि घर हातचं जाणार म्हणून वाईटही वाटलं.

सुनेनं खांदे उडवले. नातीनं बाबांकडे पाहिलं. मुलगा काचेकडे वळला. मग म्हणाला, “मी पाच वर्षांचा होतो. ती मला कडी घालून निघून गेली होती. पिशवी घेऊन. मी जागा होतो.” त्याचा आवाज पाच वर्षांच्या मुलाचा झाला होता. “ती आली तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. मला वाटलं, मी जागा दिसलो तर ती परत जाईल.”

इतकी वर्षं. इतकी वर्षं त्याला माहीत होतं आणि म्हणून तो काही मागत नव्हता.

काचेचं दार उघडलं. बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून काजंवाल्या बाईंच्या कानांवर लावलेलं यंत्र काढलं. मॅडमनी प्रश्न विचारला. त्या क्षणी बाईंनी मनातल्या मनात हात जोडले की हिला हे येऊ नये. घर जावं, पण हे हिला येऊ नये.

“मी त्याला टाकून चालले होते,” काजंवाल्या बाई म्हणाल्या. “शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. उतरलेच नाही.” आणि त्या रडल्या. बाई जशा रडल्या असत्या तशाच रडल्या, तोंडावर पदर न घेता, हात मांडीवर तसेच ठेवून.

मुलगा धावत गेला आणि त्यानं त्यांना मिठी मारली. “मला राग नव्हता गं,” तो म्हणाला. “कधीच नव्हता. तू परत आलीस ना.” जे ऐकण्यासाठी बाई इतकी वर्षं जगल्या, ते अक्षरन् अक्षर त्यांनी दिव्याच्या खांबामागून ऐकलं. मॅडम डोळे पुसत होत्या. कुटुंब निवडलं गेलं होतं. तोंडातून हाक निघाली असती तर घर गेलं असतं, पण हाक अडली ती घरासाठी नाही. त्याची आई म्हणून त्याला हाक मारायला तिथं बाईंना जागाच राहिली नव्हती.

बोळात बाईंनी त्याला एकट्याला गाठलं. सून, नात आणि काजंवाल्या बाई पुढे गेल्या होत्या. “अरे,” बाई म्हणाल्या, “तू जागा होतास?”

मुलानं त्यांच्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, चेहरा हलका झाला होता, इतका हलका की तो त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यात नाटक नव्हतं. नाटक असतं तर बाईंना ओळखू आलं असतं. त्यांचा जन्म त्यातच गेला होता. “हो,” तो मायेनं म्हणाला. “पण तुम्ही नका रडू, बाई. आमचं आम्ही बोलू आता. आई आणि मी.” आणि त्यांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून, त्या तिघी थांबल्या होत्या तिकडे गेला.

बाई तिथंच उभ्या राहिल्या असत्या, पण आतून हाक आली. पुढचं कुटुंब आलं होतं आणि त्यांची आजी जिन्यात दम खात होती. बाई काचेच्या खोलीत जाऊन बसल्या. दिवे तोंडावर आले. आज त्यांनी दाराच्या फटीकडे पाहिलं नाही. कशाही बसल्या.

आवाजवाल्यानं नवा माइक त्यांच्या पदराला लावला. “बाई, काहीतरी बोला. पातळी बघतो.”

बाई बोलू लागल्या. “मला एक मुलगा आहे. तो पाच वर्षांचा असताना मी त्याला निजवलं, आणि बाहेरून कडी घातली. मला कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं. बसमध्ये माझ्याशेजारी—”

“बास, बाई,” आवाजवाला म्हणाला. “मिळाला आवाज. उठा आता, यांची आजी आली.”